इंग्रजीचा नवा पेपर: तिसरी ते पाचवीच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरातलं मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत आणि शाळेच्या व्हॅनमध्ये हिंदी, आणि पेपर लिहितं इंग्रजीत. प्राथमिकला इंग्रजी शिकवत असल्यामुळे तिलकनगर, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागातल्या पालकांशी माझं रोजच बोलणं होतं. इंग्रजीच्या पेपराचं रूप बदलायला लागल्यापासून त्यांची काळजी वाढली आहे आणि ती मला समजते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र देते आहे.

पेपर बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

पूर्वी पुस्तकातला धडा, त्याखालचे प्रश्न, शब्दार्थ, विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागा आणि गाईवर किंवा दिवाळीवर दहा ओळी एवढं पाठ केलं की पेपर सुटायचा. वहीतलं उत्तर जसंच्या तसं उतरवता आलं की मार्क मिळायचे. त्या वाक्याचा अर्थ मुलाला कळला आहे की नाही, हे पेपर तपासतच नव्हता.

आता पुस्तकाबाहेरचा उतारा येतो. त्याला मुलं ‘अनसीन पॅसेज’ म्हणतात. चित्र पाहून चार-पाच वाक्यं लिहायची असतात. अर्धवट संवाद पूर्ण करायचा असतो. एखादी नोटीस, पोस्टर किंवा वेळापत्रक देऊन त्यावर प्रश्न असतात. व्याकरणाचे प्रश्न सुटे न येता उताऱ्याच्या पोटात येतात. बऱ्याच शाळांनी ऐकण्याची आणि बोलण्याची चाचणीही सुरू केली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये पाठांतराऐवजी समज आणि वापर तपासा, असं स्पष्ट म्हटलं आहे. पेपरातला बदल मुख्यतः तिथून आला.

एक उदाहरण देते. समजा, लालबागेतल्या एका जत्रेचं पोस्टर पेपरात दिलं आहे. त्यावर वेळ, झुल्यांची नावं आणि प्रत्येकाचं तिकीट आहे. प्रश्न असा, की रियाकडे वीस रुपये आहेत, तर ती कोणत्या झुल्यावर बसू शकेल? याचं उत्तर पोस्टरवर कुठेही वाक्यात लिहिलेलं नाही. पोस्टर वाचायचं, तिकिटं ताडून पाहायची आणि मग एक वाक्य स्वतः लिहायचं. पाठांतरात पहिली येणारी मुलगी इथे पेन्सिल चावत बसते, आणि वर्गात मागे बसणारा एखादा मुलगा पटकन सोडवून मोकळा होतो. पहिल्या युनिट टेस्टनंतर घरोघरी जो गोंधळ उडतो, त्याचं कारण हेच.

सगळ्या शाळांमध्ये हेच स्वरूप आहे का?

नाही. राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळा, सीबीएसई आणि आयसीएसई यांच्यात फरक आहे. पाचवीच्या आधीच्या वर्गांचे पेपर बहुतेक ठिकाणी शाळा स्वतःच काढते, त्यामुळे एकाच बोर्डाच्या दोन शाळांचे पेपरही वेगळे निघतात. शेजारच्या मुलाचा पेपर पाहून तयारी करू नका. आपल्याच शाळेकडून ब्लूप्रिंट मागून घ्या: कोणता विभाग किती मार्कांचा, ऐकणं-बोलणं धरलं आहे का, पुस्तकातलं किती आणि बाहेरचं किती.

पाचवीची परीक्षा बोर्डाची असते म्हणे. मूल नापास होऊ शकतं का?

हा प्रश्न फार घाबरून विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीत वर्षाअखेरीस नियमित परीक्षा घ्यायची ठरली. तीत राहिलेल्या मुलाला जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. त्यातही ते राहिलं तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे सरकारवर सोपवलं. मध्य प्रदेशात राज्य शिक्षा केंद्र ही राज्य सरकारची शिक्षणसंस्था पाचवी-आठवीची ही परीक्षा बोर्ड पॅटर्नवर घेतं. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या शाळांसाठी, म्हणजे केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळांसाठी, असाच नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाला.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कोणी तसं सुचवलं तर शांतपणे कायद्याचं नाव घ्या.

आणि दहा वर्षांच्या मुलासमोर ‘बोर्ड, बोर्ड’ म्हणून धसका घेऊ नका. तुमच्या चेहऱ्यावरची भीती त्याला पेपरापेक्षा आधी वाचता येते.

आमच्या मुलाला धडे तोंडपाठ आहेत. तरी अनसीन पॅसेजमध्ये मार्क का जातात?

कारण मूल उताऱ्यात उत्तर शोधत नाही, प्रश्नातला शब्द शोधतं. चौथीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर आहे. उताऱ्यात वाक्य होतं: ‘मीना टुक हर अम्ब्रेला बिकॉज द स्काय वॉज डार्क.’ प्रश्न होता, मीनाला काय होईल असं वाटलं? त्यानं लिहिलं, ‘द स्काय वॉज डार्क.’ प्रश्नात मीनाचं नाव, उताऱ्यात मीनाचं वाक्य, म्हणून त्या वाक्याचा शेपटाकडचा भाग उतरवला. अक्षर सुंदर, स्पेलिंग बरोबर आणि मार्क शून्य.

मी त्याला मराठीत विचारलं, “अरे, आभाळ भरून आलंय आणि मीना छत्री घेते. का बरं?” तो लगेच म्हणाला, “पाऊस येईल म्हणून!” म्हणजे समज होती. ती इंग्रजी वाक्यापर्यंत पोचत नव्हती, एवढंच. मग दोघांनी मिळून वाक्य केलं: ‘शी थॉट इट वुड रेन.’ चौथीच्या मुलानं ‘मीना थॉट रेन विल कम’ लिहिलं असतं तरी मी मार्क दिले असते आणि वाक्य नंतर सुधारलं असतं.

घरी हीच रीत ठेवा. उतारा एकदा सबंध वाचायचा, अडलेल्या शब्दावर न थांबता. मग मुलानं मराठीत किंवा हिंदीत तोंडी सांगायचं, की यात काय झालं. त्यानंतर प्रश्न वाचायचा आणि त्याचं उत्तर ज्या ओळीत किंवा ज्या दोन ओळींच्या मध्ये दडलं आहे तिथे पेन्सिलनं खूण करायची. लिहिणं सगळ्यात शेवटी. ‘कोण, कुठे, केव्हा’चे प्रश्न मुलांना लवकर जमतात. ‘का’ आणि ‘तुला काय वाटतं’ यांना वेळ लागतो, म्हणून सराव त्यांचाच जास्त हवा. रोज एकच छोटा उतारा घ्या. एका बैठकीत पाच उतारे सोडवून घेतले, तर मूल पुन्हा शब्द शोधण्याच्या जुन्या सवयीवर जातं.

मग घरी इंग्रजीतच बोलायला सुरुवात करावी का?

कृपा करून नको. हा सल्ला शाळेतूनही दिला जातो, तरी माझं मत ठाम आहे. ज्या घरात आई-बाबांना इंग्रजी सहज बोलता येत नाही, तिथे इंग्रजी सुरू झाली की बोलणंच आटतं. ‘कम, ईट, ब्रश युअर टीथ, डू होमवर्क’ एवढ्यावर घर येऊन ठेपतं. मुलाला कारणं सांगणं, गोष्ट रंगवणं, वाद घालणं हे सगळं मराठीत होत होतं, तेच बंद पडतं. आणि नवा पेपर नेमकं तेच तर मागतो: कारण सांग, अंदाज कर, वर्णन कर. हे जे मूल मराठीत करतं, ते थोड्या शब्दांच्या जोरावर इंग्रजीतही करायला शिकतं. जे एकाही भाषेत करत नाही, त्याला नुसते इंग्रजी शब्द देऊन काय होणार? शिक्षण धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं, असंच म्हटलं आहे.

आजीला मुलाशी पोटभर मराठीत बोलू द्या. इंग्रजीसाठी दिवसातली पंधरा-वीस मिनिटं वेगळी काढा, ती पुरतात.

मराठी आणि हिंदी दोन्हींमुळे इंग्रजी बिघडत नाही का?

काही सवयी येतात, काही बाबतीत फायदाही होतो. हिंदीत तो आणि ती दोघांसाठी ‘वह’ चालतं, त्यामुळे हिंदी घरातली मुलं ‘ही’ आणि ‘शी’मध्ये बराच काळ गोंधळतात. आपल्याकडे तो, ती वेगळे आहेतच, आपल्या मुलांना हे पटकन जमतं. ‘बॅट’ आणि ‘बेट’मधला फरकही मराठी कानाला सहज कळतो.

उलट आपण आदरानं ‘बाई आल्या’ म्हणतो, म्हणून मुलं ‘माय टीचर आर व्हेरी काइंड’ लिहितात. क्रियापद शेवटी टाकण्याच्या सवयीनं ‘आय क्रिकेट प्ले’ होतं. ‘अ’ आणि ‘द’ हमखास गळतात. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ यांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक आपल्या बोलण्यात धूसर असतो, आणि ऐकण्याच्या चाचणीत नेमका तिथेच घोटाळा होतो. अशा जोड्या रोज दोन-तीन म्हणून घ्या. तुम्ही म्हणायचं, मुलानं त्या शब्दाच्या चित्रावर बोट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणू द्या आणि बोट तुम्ही ठेवा. तुमचं चुकलं की मुलाला भारी मजा येते, आणि कानही तयार होतो.

ऐकण्याची चाचणी घरी कशी करून घ्यायची?

शाळेत शिक्षिका एक परिच्छेद वाचून दाखवते किंवा ध्वनिफीत लावते. मूल ऐकून खूण करतं, रंग भरतं, नाव जोडतं किंवा एखादा शब्द लिहितं. पहिल्यांदा ऐकताना एक शब्द निसटला की मूल तिथेच अडकून बसतं आणि पुढची चार वाक्यं हातची जातात. निसटलं तर सोडून द्यायचं आणि पुढचं ऐकायचं, हेच मुख्य शिकवायचं आहे.

ऐकण्याआधी अर्धा मिनिट प्रश्न आणि चित्रं पाहायची सवय लावा. चित्रात एकच लाल टोपीवाला मुलगा असेल, तर टोपीचा रंग किंवा त्याचं नाव विचारणार हे आधीच ताडता येतं. सरावासाठी घरातल्याच सूचना इंग्रजीत द्या, पण दोन-तीन पायऱ्यांच्या: निळी वाटी घे, टेबलावर ठेव, मग दार लाव. मुलांना हा खेळ वाटतो. एनसीईआरटीचं इंग्रजीचं नवं पुस्तक ‘संतूर’ तिसरीसाठी २०२४ मध्ये आणि चौथी-पाचवीसाठी २०२५ मध्ये आलं. त्यात ऐकण्या-बोलण्याच्या कृती आहेत आणि ते एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तुमच्या शाळेत दुसरं पुस्तक असलं तरी त्या कृती वापरायला हरकत नाही.

तोंडी परीक्षेत मूल गप्पच बसतं. काय करावं?

चित्र समोर ठेवलं की बहुतेक मुलं नामं मोजतात. चिडियाघराचं एक चित्र मी तिसरीतल्या मुलीपुढे ठेवलं होतं. ती म्हणाली, “टायगर. ट्री. बॉय. आइस्क्रीम.” आणि थांबली. सांगायचं संपलं होतं असं नाही. वाक्य कसं सुरू करायचं, हेच हातात नव्हतं.

म्हणून सुरुवाती द्या, आणि त्या मोजक्याच असू द्या: ‘देअर इज अ...’, ‘आय कॅन सी...’, ‘द बॉय इज...’, ‘आय थिंक...’. मग एकेका नामाला विचारा: तो काय करतोय? कुठे आहे? त्याला कसं वाटत असेल? ‘द बॉय इज ईटिंग आइस्क्रीम. ही इज स्टँडिंग अंडर द ट्री. आय थिंक ही इज हॅपी.’ तीन वाक्यं झाली आणि परीक्षकाला हवं ते मिळालं. त्या मुलीनं पुढे स्वतःहून जोडलं, “टायगर इज सॅड.” का, असं विचारल्यावर म्हणाली, “नो आइस्क्रीम.” याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

चित्रं विकत आणायची गरज नाही. मोबाइलमध्ये तुमचेच फोटो आहेत: रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, सराफ्यातल्या खाऊच्या बाजारातली रात्रीची गर्दी, रविवारचे पोहे-जिलेबी. ओळखीच्या चित्रावर मुलं जास्त बोलतात. बोलताना मध्येच चूक दुरुस्त करू नका. वाक्य संपू द्या, मग तेच वाक्य तुम्ही बरोबर करून म्हणा आणि पुढे जा. “असं नाही, असं म्हण” हे पाच वेळा ऐकलेलं मूल सहाव्यांदा तोंड उघडत नाही.

आम्हाला दोघांनाही इंग्रजी येत नाही. आम्ही कशी मदत करणार?

ऐकून घ्या. मुलानं रोज एक पान मोठ्यानं वाचायचं आणि ते काय वाचलं, हे आजीला किंवा आईला मराठीत सांगायचं. सांगताना अडलं, तर तिथे कळलेलं नाही, हे तुम्हाला इंग्रजी न येताही समजतं. तिथे खूण करा आणि शिक्षिकेला विचारायला सांगा. आजीनं “मग पुढे काय झालं?” एवढं विचारलं, तरी अनसीन पॅसेजचा अर्धा अभ्यास होतो.

काही शाळा मुलांना केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षेला बसवतात. ती काय असते?

प्राथमिकच्या मुलांसाठी तिच्या तीन पायऱ्या आहेत: स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स. त्यांचं सध्याचं स्वरूप २०१८ पासूनचं आहे. प्रत्येकीत ऐकणं, वाचन-लेखन आणि बोलणं असे तीन भाग. उदाहरणार्थ मूव्हर्समध्ये ऐकण्याचे २५ प्रश्न सुमारे २५ मिनिटांत, वाचन-लेखनाचे ३५ प्रश्न ३० मिनिटांत, आणि ५ ते ७ मिनिटं परीक्षकाशी एकट्यानं बोलणं. त्यात दोन चित्रांतले फरक सांगायचे, चित्रांवरून गोष्ट सांगायची, वेगळं चित्र ओळखायचं आणि स्वतःबद्दलच्या साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. ऐकण्याचा भाग दोनदा ऐकवतात. पास-नापास नसतं. निकालात प्रत्येक भागासाठी जास्तीत जास्त पाच ढाली (शिल्ड) मिळतात. ही परीक्षा ऐच्छिक आहे. ती दिली नाही म्हणून मूल मागे पडत नाही. पण तिच्यातले प्रश्नप्रकार घरच्या सरावाला फार उपयोगी आहेत.

स्पेलिंग आणि व्याकरणाला आता महत्त्व नाही का?

आहे. पण पन्नास शब्दांची यादी घोकण्यापेक्षा आठवड्याला आठ-दहा शब्द घेऊन प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य करणं जास्त टिकतं. काळ, अनेकवचन, ‘इज-आर’ हे मुलाच्या स्वतःच्या वाक्यांत तपासा. व्याख्या पाठ करून घेऊ नका.

गाईड, क्लास, ॲप यांतलं काय घ्यावं?

गाईडमध्ये तयार उत्तरं असतात आणि नव्या पेपराला तयार उत्तरं चालत नाहीत. कोचिंगच्या या शहरात तिसरीच्या मुलालाही क्लास लावायची घाई होते. क्लास लावायचाच असेल, तर एकदा दाराशी उभं राहून ऐका: तासभरात मुलं किती बोलतात आणि शिक्षक किती? मुलं नुसती फळ्यावरून उतरवत असतील, तर ते पैसे वाचवा आणि गोष्टींची पुस्तकं आणा.

मूल वाचतानाच फार अडखळतं. तयारी कुठून सुरू करू?

आधी त्याच्या शाळेच्या भाषेत किंवा मराठीत वाचून घ्या. ‘निपुण भारत’ हे केंद्राचं अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलानं अनोळखी मजकूर समजून, मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगानं वाचावा, असं उद्दिष्ट आहे. हे ओळखीच्या भाषेपुरतं आहे, इंग्रजीचा वेग त्याहून कमी असणारच. पण ओळखीच्या भाषेतही मूल अक्षर-अक्षर लावत असेल, तर अडचण इंग्रजीची नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तरी अडखळणं राहिलं, अक्षरं उलटसुलट होत राहिली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. निदान झालं तर जादा वेळेसारख्या सवलतींबद्दल शाळेशी बोलता येतं. अशा मुलाला आळशी म्हणू नका. ते इतरांपेक्षा दुप्पट कष्ट करत असतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात काय करावं?

नवं काही सुरू करू नका. एकदा घड्याळ लावून सबंध पेपर सोडवून घ्या, कारण नव्या पेपरात वाचनातच बराच वेळ जातो आणि लेखनाचा प्रश्न शेवटी राहून जातो. चित्रवर्णनाला आणि पत्राला दहा-बारा मिनिटं राखून ठेवायला शिकवा. सूचना दोनदा वाचायची सवय लावा. ‘टिक’ करायला सांगितलं आहे की ‘सर्कल’, यातही मार्क जातात. बाकी झोप आणि जेवण वेळेवर.

तपासलेला पेपर घरी आल्यावर काय पाहायचं?

मार्क शेवटी पाहा. आधी चुकांच्या जागा पाहा. उतारा कळला नव्हता, की कळूनही वाक्य करता आलं नाही, की वेळ पुरला नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मुलालाच विचारा, “हा प्रश्न आता करशील का?” पुष्कळदा ते जागच्या जागी बरोबर सांगतं. पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक सभेला जाताना तो पेपर बरोबर न्या. “मार्क कमी का?” असं विचारलंत की “घरी जास्त अभ्यास घ्या” असंच उत्तर येतं. त्याऐवजी एका प्रश्नावर बोट ठेवून विचारा, की याला पूर्ण मार्क मिळायला उत्तर कसं हवं होतं. शिक्षिकेला तिथे तुमच्यासमोर एक वाक्य लिहून दाखवावं लागतं, आणि ते वाक्य घेऊन पुढच्या महिन्याचा सराव सुरू करता येतो.